पुढची स्लाइड

डॉ. शुभदा मयेकरांच्या नाकावर राग असतो, हे भाईंदरच्या सगळ्या केबिन रोडला माहीत होतं. तीस वर्षं एकाच गाळ्यात दवाखाना चालवणाऱ्या बाईला तेवढा हक्क आहे, असं पेशंटही धरून चालायचे. पण त्या रविवारी सकाळी शुभदाबाई शांती नगरच्या हॉलमध्ये शिरल्या तेव्हाचा राग रोजचा नव्हता. तो त्यांनी सात महिने जपून ठेवला होता. आज दीडशे डॉक्टरांसमोर तो एका माणसावर काढायचा होता, आणि त्या माणसाला त्यांनी स्वतः आग्रहानं बोलावलं होतं. डॉ. यतीन सबनीस, मुंबईचे नामांकित सांधेरोगतज्ज्ञ.

शहरातल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेची ही वार्षिक परिषद. परिषद म्हणजे काय, तर लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं, कंपनीच्या खर्चानं इडली-वडा खायचा, कंपनीच्या पिशवीत कंपनीचं पेन टाकायचं, आणि मुंबईहून आलेला एखादा मोठा डॉक्टर तासभर जे सांगेल तेच सोमवारपासून लिहायला लागायचं. बॅनरवर संघटनेचंही नाव असायचं, पण ते वाचायला जवळ जावं लागे. कंपनीचं नाव रस्त्यावरून दिसायचं. शुभदाबाई आठ वर्षं या संघटनेच्या चिटणीस होत्या आणि आठ वर्षांत त्यांना यातलं काही खटकलं नव्हतं. उलट त्यांना या परिषदेचा अभिमानच होता, कारण ती वेळेवर चालायची. स्टेजखालच्या टेबलाशी लॅपटॉप आणि पितळी घंटी घेऊन त्या स्वतः बसत. वक्ता वर उभा राहून 'नेक्स्ट' म्हणे, बाई खाली बटण दाबत. वक्त्याची वेळ संपली की घंटी वाजे, मग तो कितीही मोठा असो. दीड म्हणजे दीडला जेवण. "मयेकर मॅडम आहेत म्हणून दीडला जेवायला मिळतं," असं लोक म्हणत आणि बाईंना ते आवडे.

खटकायला लागलं ते अंबिकेमुळं.

अंबिका उत्तनजवळच्या तारोडी गावची. सकाळी बसनं भाईंदरला उतरायची, टोपली डोक्यावर घेऊन रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला यायची आणि केबिन रोडवर शुभदाबाईंच्या दवाखान्याच्या पायरीशेजारी सुके बोंबील, सुकट, जवळा मांडून बसायची. समोरचा फरसाणवाला वासावरून कटकट करायचा. अंबिका त्याच्याशी त्याच्याच हिंदीत भांडायची आणि चार वाजता त्याच्याकडूनच चहा मागवायची. वय साठीच्या पुढं, ब्लडप्रेशरची गोळी चालू, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पुलाच्या पायऱ्या तिच्या जिवावर यायच्या. "बाय, यो पूल मोडून टाक, न्हाय त मना दुसरं गुडघं दे," असं ती शुभदाबाईंना दर आठवड्याला म्हणायची.

मागच्या वर्षीच्या परिषदेत डॉ. यतीन याच हॉलमध्ये बोलले होते. गतिनॉर नावाची नवी गोळी आली होती. दुखण्याच्या बाकीच्या गोळ्या किडनीवर जातात, ही जात नाही, असं त्यांनी आलेख दाखवून सांगितलं. "वयस्कर पेशंटना बिनधास्त द्या," हे त्यांचं वाक्य. शुभदाबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं, बिनधास्तखाली रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी अंबिकेला गोळी सुरू केली. पंधरवड्यात अंबिका पूल चढून न थांबता दवाखान्यापर्यंत आली. तिनं बाईंना बोंबलाची एक जुडी दिली. बाईंनी ती घेतली आणि त्या दिवशी त्यांना आपल्या डॉक्टरकीचं फार बरं वाटलं.

पाचव्या महिन्यात अंबिकेचं तोंड सुजलं. मग पाय. मग लघवी कमी झाली. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा बाईंना तो दोनदा वाचावा लागला. किडनीच्या डॉक्टरनं एकच प्रश्न विचारला, "दुखण्याची गोळी कुठली चालू होती?" नाव ऐकल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही. तेव्हापासून अंबिका मंगळवारी आणि शुक्रवारी भाईंदरला डायलिसिसला येते. चार-चार तास. टोपली घरी पालथी पडली आणि पायरीशेजारी आता कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकतो.

शुभदाबाई पेटून उठल्या. गोळीवरचा अभ्यास त्यांनी शोधून काढला. शेवटच्या पानावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, सगळं होतं. अभ्यासाचा खर्च कंपनीचा. अभ्यासाचे प्रमुख डॉ. यतीन सबनीस, तेच कंपनीच्या सल्लागार मंडळावर मानधन घेणारे. म्हणजे ज्याची गोळी त्याचीच माणसं, आणि आम्ही वहीत रेघा मारतोय. आणि मग बाईंना आठवलं. मागच्या वर्षी भाषणाच्या सुरुवातीला एक स्लाइड आली होती. हितसंबंध जाहीर करायची, प्रत्येक वक्त्याला दाखवावी लागते ती. कुठल्या कंपनीकडून काय घेतो, ते त्यानं आधी सांगायचं असतं. आली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली. दीडशे डॉक्टर बसलेले, एकालाही एक ओळ वाचता आली नव्हती. लबाडानं पळवली ती स्लाइड, असं बाईंच्या मनानं घेतलं, आणि एकदा घेतलं ते घेतलं.

तारोडीला भेटायला गेल्या तेव्हा अंबिकेनं विचारलंच. ती ओट्यावर बसली होती. डाव्या हाताला सुयांच्या जागी पट्टी होती.

"ती गोली तुला कोनी सांगितली, बाय?"

"एका मोठ्या डॉक्टरनं. तो कंपनीचा माणूस निघाला, अंबिकाताई. त्यानं आमच्यापासून लपवलं. मला ठाऊक असतं तर मी ती गोळी तुम्हाला दिलीच नसती."

"लपवला?"

"लपवलं. मी त्याला सोडणार नाही. सगळ्या डॉक्टरांसमोर त्याच्या तोंडून वदवून घेईन. आणि मग तुम्हाला येऊन सांगेन."

"येऊन सांग," अंबिका म्हणाली. तिनं बाईंवर विश्वास ठेवला होता. गोळी घेतानाही ठेवला होता आणि आताही ठेवला. तो खोटा ठरू द्यायचा नाही, एवढं एकच मग बाईंना दिसायला लागलं.

कमिटीत त्यांनी नवा नियम मांडला. वक्त्यानं हितसंबंधांची स्लाइड स्वतः मोठ्यानं वाचायची, आणि वाचून होईपर्यंत ती हलवायची नाही. अध्यक्ष डॉ. काशीनाथ पाटकर हे सगळ्यांशी गोड राहून अध्यक्ष झालेले गृहस्थ. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, पाहुण्याला घरी बोलवायचं आणि दारात त्याचे खिसे तपासायचे, हे बरं दिसतं का?"

"पाहुण्याचे खिसे भरलेले असले तर तपासावेत."

"स्पॉन्सर पळून जाईल."

"जाऊ दे. डबे आणा घरून."

डब्यांच्या नावानं कमिटीत शांतता पसरली. पण बाईंच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती आणि चिटणिसाचं काम दुसऱ्या कुणाला नको होतं, त्यामुळं नियम मंजूर झाला. वक्ता म्हणून त्यांनी यतीन सबनिसांचंच नाव पुढं केलं, तेव्हा पाटकरांना हायसं वाटलं. बाईंचा राग निवळला असं त्यांनी धरलं. माणसं ओळखण्यात ते पहिल्यापासून कच्चे.

कंपनीचा एरिया मॅनेजर साईराज परिषदेच्या आठवडाभर आधी दवाखान्यात आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा.

"मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट करा ना. सर खूप सीनियर आहेत. त्यांना स्टेजवर असं वाचायला लावणं ऑड दिसतं. आणि स्लाइड तर असतेच ना मॅडम, ते कधी नाही म्हणतात?"

"असते. दिसत नाही."

"आता मॅडम, ते काय आमच्या हातात..." साईराज काहीतरी बोलणार होता. बाईंनी मिठाईचा डबा उचलून त्याच्या हातात परत दिला आणि बाहेरच्या पेशंटला हाक मारली. तो काय बोलणार होता ते त्यांनी ऐकून घेतलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. पण ऐकून घेणं हा बाईंचा गुण नव्हता.

तर तो रविवार. बाईंनी आज लॅपटॉप आणि घंटी डॉ. रुचिता या नव्या सभासद मुलीकडं दिली होती, कारण पाहुण्यांची ओळख त्या स्वतः करून देणार होत्या. डॉ. यतीन पावणेअकराला आले. उंच, केस नीट पिकलेले, आवाज मऊ. हॉलच्या दारात त्यांनी बाईंना नमस्कार केला.

"मॅडम, तुमचा नियम वाचला. चांगला आहे."

"चांगला आहे ते ऐकल्यावर कळेल," बाई म्हणाल्या.

"तुमच्या मनात काही आहे का?"

"माझ्या मनात एक पेशंट आहे. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. स्टेजवर बोलू."

 डॉ. यतीननी मान हलवली आणि ते आत जाऊन पहिल्या रांगेत बसले. साईराजनं त्यांना पाणी नेऊन दिलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना आणखी चेव आला.

ओळख करून देताना बाईंनी त्यांच्या पदव्या वाचल्या, पुरस्कार वाचले, आणि मग कागदाची घडी घातली. "यात एक गोष्ट लिहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी हे याच जागेवर उभे होते. एका गोळीची यांनी आपल्याला खात्री दिली. आपण सगळ्यांनी ती लिहिली. मी लिहिली. पण ती गोळी बनवणाऱ्या कंपनीचे हे सल्लागार आहेत, हे यांनी आपल्यापासून लपवलं. स्लाइड आली आणि कुणी वाचायच्या आत गेली. माझी एक पेशंट आज डायलिसिसवर आहे. तिला मी शब्द दिलाय, की ज्यानं लपवलं त्याच्या तोंडून ते वदवून घेईन. डॉक्टर यतीन, या आणि वाचा."

 पाटकर आपल्या बुटांकडं बघत होते. बाई स्टेजच्या कडेला हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. सात महिन्यांत त्यांना इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

डॉ. यतीन वर आले. रुचितानं स्लाइड लावली. त्यांनी ती वाचली, शाळेतली मुलं प्रतिज्ञा म्हणतात तशी सरळ, एकही ओळ न गाळता. कंपनीच्या सल्लागार मंडळाचा मी सदस्य आहे आणि त्यासाठी मानधन घेतो. गतिनॉरवरचा अभ्यास माझ्या देखरेखीखाली झाला आणि त्याचा सर्व खर्च कंपनीनं केला. आजच्या या प्रवासाचा खर्च कंपनीचा आहे. या भाषणातल्या स्लाइड्स कंपनीनं तयार केल्या आहेत. शेवटच्या ओळीला हॉलमध्ये थोडी कुजबूज झाली.

"झालं," ते म्हणाले. "आता मॅडमचा आरोप. मी लपवलं, असं त्या म्हणाल्या. मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग तुमच्या संघटनेनंच यूट्यूबवर टाकलंय. मी ते काल पुन्हा पाहिलं. डॉक्टर रुचिता, लावता का? पहिलं एक मिनिट पुरे."

रुचितानं बाईंकडं पाहिलं. "लावा," बाई म्हणाल्या. त्यांना कसलीच शंका नव्हती.

पडद्यावर हाच हॉल दिसला, हेच स्टेज, दुसऱ्या रंगाचा बॅनर. डॉ. यतीन उभे. मागं स्लाइड आली. तीच. त्याच चार ओळी. पडद्यावरचे डॉ. यतीन म्हणाले, "सुरुवात करण्याआधी, माझे हितसंबंध मला सांगायला हवेत. मी..."

तेवढ्यात एका बाईचा आवाज माइकवर आला. ठणठणीत, खूश, घरच्या कार्यात पंगत बसवणाऱ्या बाईचा असतो तसा. "सर, ते सगळ्यांचं असतंच, आपल्याला माहितीय. पुढची घेऊया? ऑलरेडी दहा मिनिटं लेट आहोत, आणि दीडला जेवण आहे."

पडद्यावरचा हॉल हसला. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि त्यानं बटण दाबलं. स्लाइड गेली. डॉ. यतीनचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, मग तेही हसले आणि पुढच्या स्लाइडकडं वळले.

आजचा हॉलही हसला. आधी मागच्या रांगा, मग सगळेच.

शुभदाबाईंना तो आवाज ओळखायला वेळ लागला, कारण माणसाला आपला आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते. बांगड्या मात्र लगेच ओळखल्या. त्या आत्ताही हातात होत्या. हे आपण कधी बोललो ते त्यांना खरोखर आठवत नव्हतं, आणि न आठवण्याचं कारण त्यांना तिथंच कळलं. आठ वर्षांत आलेल्या प्रत्येक वक्त्याला त्या हेच म्हणाल्या होत्या. देवाला नमस्कार करून दुकान उघडावं तशी ती रीतच होऊन गेली होती: हितसंबंधांची स्लाइड यायची, मॅडम ती पुढं ढकलायच्या, लोक हसायचे, भाषण सुरू व्हायचं. एकाही वक्त्यानं कधी हरकत घेतली नव्हती. त्यांनी तरी का घ्यावी?

तोंडघशी पडलेल्या माणसानं खाली उतरून गप्प बसावं, असा शिष्टाचार आहे. बाईंनी तो पाळला नाही. त्यांचे कान तापले होते, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.  "ते मी केलं. आता मला सांगा, तुमच्या अभ्यासात साठीच्या पुढचे आणि ब्लडप्रेशरची गोळी चालू असलेले पेशंट किती होते?"

"एकही नाही," डॉ. यतीन म्हणाले.

"एकही नाही."

"तेविसाव्या स्लाइडवर होतं ते. अशा पेशंटना घेतलेलं नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण मागच्या वर्षी आपण अठराव्या स्लाइडपर्यंतच पोचलो, मॅडम. तुम्ही घंटी वाजवली."

या वेळी हॉल हसला नाही.

"मग वयस्करांना बिनधास्त द्या, असं कशाच्या जोरावर म्हणालात? तेविसाव्या स्लाइडवर काय आहे ते तुम्हाला तर माहीत होतं."

"वाक्य कंपनीच्या स्लाइडवरचं होतं. स्लाइड्स कंपनीच्या आहेत, हे मी आता वाचून दाखवलं. तेव्हाही दाखवणार होतो."

"स्लाइड कंपनीची असेल. तोंड तुमचं होतं."

"आणि प्रिस्क्रिप्शन तुमचं," डॉ. यतीन म्हणाले. आवाज अजून मऊच होता. त्या मऊपणाचा बाईंना जन्मभर तिटकारा राहील. या माणसानं एकही गोष्ट लपवली नव्हती, आणि म्हणून त्याला एकाही गोष्टीची लाज वाटत नव्हती. जाहीर केलं की हात धुतले. बाईंना वाटलं होतं, एकदा तोंडानं बोलायला लावलं की हा माणूस खाली मान घालेल. तो मान ताठ ठेवून उभा होता आणि लोकांच्या नजरेत आणखी उंच झाला होता.

बाई आणखी काहीतरी बोलणार, तोच घंटी वाजली. त्यांचीच पितळी घंटी. रुचितानं नाही, पाटकरांनी खाली वाकून वाजवली होती.

"मॅडम, टाइम," पाटकर म्हणाले. "सरांचं मेन लेक्चर व्हायचंय अजून."

बाई खाली उतरल्या. मागून टाळ्या सुरू झाल्या. दाराशी पोचेपर्यंत त्यांच्या कानावर दोनदा तेच आलं, "काय ट्रान्सपरंट माणूस आहे यार." बाहेर साईराज गोळीच्या सँपलची पाकिटं टेबलावर रचत होता. त्यानं बाईंकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. बटण कुणाच्या हातात असतं, तेच तो बिचारा दवाखान्यात सांगू पाहत होता.

घरी जावं, दार लावून घ्यावं, असं बाईंना फार वाटलं. खरं म्हणजे त्यांना अंबिकेचं तोंड बघायचं नव्हतं. खोटं सांगायचीही सोय होती. तो सगळ्यांसमोर बोलला, एवढं सांगितलं तरी ते खरंच होतं. पुढचं कोण विचारणार होतं तारोडीत? अंबिका काही यूट्यूबवर डॉक्टरांची भाषणं बघत बसत नव्हती. रिक्षात बसल्यावर बाईंनी आधी घराचाच पत्ता सांगितला. सिग्नलला त्यांचं लक्ष आपल्या बांगड्यांकडं गेलं.

"भैया, उत्तन की तरफ लो," त्या म्हणाल्या. "तारोडी."

रिक्षावाल्यानं उधर से रिटर्न नहीं मिलता म्हणून कुरकुर केली. बाई त्याच्यावर अशा ओरडल्या, की तो तारोडीपर्यंत तोंड उघडायला धजला नाही. रागाचा धनी दुसराच होता, हे त्यांनाही कळत होतं.

अंबिका ओट्यावर होती. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते, पण ते शेजारणीचे. सून सुलू आतून खुर्ची घेऊन आली आणि चहा टाकायला गेली. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत, ओट्याच्या कडेला टेकल्या.

"बोलला का तो?" अंबिकेनं विचारलं.

"बोलला. सगळं बोलला. सगळ्यांसमोर."

अंबिकेच्या चेहऱ्यावर समाधान आलं. ते बघणं बाईंना सोसलं नाही.

"पण अंबिकाताई, मागच्या वर्षीही तो बोलणार होता. त्यानं लपवलं नव्हतं. त्याची पाटी पडद्यावर आली होती, तो वाचायला लागला होता. मीच त्याला थांबवलं. बटण माझ्या हातात होतं. मी दाबलं आणि ती पाटी गेली."

 आपण नीट ऐकलं की नाही, असं अंबिकेला वाटलं असावं.

"तू दाबलास?"

"मी."

"कशाला?"

"उशीर होत होता." हे शब्द त्या ओट्यावर किती लाजिरवाणे वाटतात ते बाईंना बोलल्यावर कळलं. तरी त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "जेवणाला उशीर होत होता. आणि तुमच्यासारख्या बायांवर ती गोळी बघितलीच नाही, हेही तो शेवटी दाखवणार होता. त्याआधी मी घंटी वाजवली. त्याची वेळ संपली होती."

"तू मना बोललीस, त्यानं लपवला."

"मला तसंच वाटत होतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

सुलू चहा घेऊन दारात आली. एकच कप होता. अंबिकेचं पाणी, चहा आता मापात असतं, त्यामुळं दुपारी तिच्यासाठी कप निघत नाही. अंबिका पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून दोरीवरच्या बोंबलांकडं बघत होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना बरं झालं असतं. केबिन रोडवर तिचं भांडण सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

"ती पाटी," अंबिका म्हणाली, "वाचाला किती येल लागतो?"

 बाईंनी ती आजच ऐकली होती, त्यामुळं नेमकं सांगता येत होतं.

"वीस सेकंद. फार तर पंचवीस."

अंबिकेनं मान हलवली. बाजारात भाव ऐकून घ्यावा तशी.

"मना चार तास लागतान," ती म्हणाली. "मंगलवारी चार. शुक्रवारी चार."

 सुलूनं कप पुढं केला. बाईंनी हात उचलला, तोच अंबिकेनं सुनेला खुणेनं थांबवलं.

"आत ने तो चहा," ती सुलूला म्हणाली. "बायला उशीर होतंय."